आफ्रिकेची सफारी : किती दिवस पुरे?

हळदीचे पोते काट्यावर चढते, तेव्हा काट्याने दाखविलेले वजन कोणताही व्यापारी खरे धरत नाही. त्यातून बारदान वजा होते, ओलाव्याची तूट वजा होते आणि जे निव्वळ उरते त्याचाच भाव होतो. हा धडा आमच्या घरात मुलांना पाढ्यांबरोबरच मिळतो. असे असूनही सात वर्षांपूर्वी केनियाची सहल ठरविताना आम्ही तो पार विसरलो. ‘पाच रात्री, सहा दिवस, तीन अभयारण्ये’ असे पत्रकावर छापलेले होते. आम्ही ते काट्यावरचे वजन म्हणून वाचले आणि पैसे भरून मोकळे झालो. बारदान किती, हे तिथे गेल्यावर कळले.

आजकाल आपल्या परिचयातील अनेक कुटुंबे आफ्रिकेचा विचार करताना दिसतात. मुंबईहून नैरोबीला थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचते आणि मुलांना वाघ-सिंहांच्या चित्रफिती पाहून ओढ लागलेली असते. चौकशी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती दिवस पुरतील?’ त्यामागे पेढी किती दिवस बंद ठेवता येईल हा खरा प्रश्न असतो. तो रास्तच आहे. परंतु ‘किती दिवस सुट्टी मिळते’ आणि ‘किती दिवस जंगल मिळते’ हे दोन निराळे हिशेब आहेत. ते एकच मानल्यामुळे आमची पहिली सहल फसली. म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

पहिल्या सहलीचा जमाखर्च

आमच्या अण्णांचे वय तेव्हा त्र्याहत्तर होते. त्यांना सिंह-चित्त्यांचे फारसे आकर्षण नव्हते. पेढीतील एका जुन्या दिनदर्शिकेवर बर्फाच्छादित पर्वतापुढून हत्तींचा कळप चालला आहे, असे चित्र होते. वर्ष संपले तरी अण्णांनी ते पान भिंतीवरून उतरविले नाही. तो पर्वत किलिमांजारो. उंची 5,895 मीटर. तो उभा आहे टांझानियात. पण तो पाहण्याची सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे सीमेच्या अलीकडचे, केनियातील अंबोसेली राष्ट्रीय उद्यान. अण्णांना एकदा तिथे न्यायचे, हा त्या सहलीचा मूळ हेतू होता.

मे महिना होता. हळदीचा हंगाम ओसरत आला होता आणि मुलांना सुट्टी होती. पहिली रात्र नैरोबीत गेली. दुसऱ्या दिवशी चार-पाच तासांचा प्रवास करून अंबोसेलीला पोहोचलो आणि संध्याकाळी दोन तास जंगलफेरी केली. हत्ती पुष्कळ दिसले, मात्र पर्वत ढगांत होता. आमच्या चालकाने सांगितले की, किलिमांजारो बहुधा भल्या सकाळी उघडतो. दिवस वर आला की ढग पुन्हा जमतात. परंतु तिसऱ्या दिवशी नाकुरू सरोवर गाठायचे होते, म्हणजे सात-आठ तासांची वाट. त्यामुळे साडेसहालाच न्याहारीचे डबे हातात घेऊन आम्ही गाडीत बसलो. फाटकाबाहेर पडताना अण्णा मागे वळून पाहत होते. त्यांनी एकदाच विचारले, “अर्धा तास थांबलो असतो तर दिसला असता काय रे?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

परत आल्यावर एके दिवशी मी वही घेऊन त्या सहलीचा हिशेब मांडला. सहा दिवसांत रस्त्यावर गेलेले तास वीसहून अधिक भरले. जंगलात प्रत्यक्ष काढलेला वेळ म्हणजे अंबोसेलीत दोन तास, नाकुरूत दोन, मसाई मारात पहिल्या संध्याकाळी दोन आणि दुसरा एक पूर्ण दिवस. सारे मिळून जेमतेम पंधरा तास. जंगलातील पूर्ण सकाळ आमच्या वाट्याला एकच आली. सहा दिवसांच्या पोत्यात निव्वळ माल एवढाच निघाला.

मोजायचे ते दिवस नव्हेत, सकाळ

सकाळच का? कारण जंगलाचा बाजार भल्या पहाटे भरतो. सिंह दिवसातील वीस तासांपर्यंत विसावा घेतो. उन्हे चढली की तो झुडपाखाली आडवा होतो आणि मग त्याचे दर्शन म्हणजे गवतातून वर आलेला एक कान. सूर्योदयापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारपासून सूर्यास्तापर्यंत हाच पाहण्याचा काळ. त्यातही सकाळ अधिक मोलाची, कारण रात्री घडून गेलेल्या गोष्टींच्या खुणा तेव्हा ताज्या असतात. आपल्याकडे ताडोब्याला गेलेल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको.

यावरून एक साधे सूत्र हाती येते. एका ठिकाणी जितक्या रात्री राहाल, त्यातून एक वजा करा. तितके तुमचे पूर्ण दिवस. एक रात्र राहिलात तर पूर्ण दिवस शून्य. संध्याकाळी येणे आणि सकाळी निघणे, एवढेच. दोन रात्रींत एक दिवस, तीन रात्रींत दोन. म्हणून एका रात्रीचा मुक्काम हा जंगल पाहण्याचा मुक्काम नव्हे, तो वाटेतला थांबा होय. त्याला थांबा म्हणूनच किंमत द्यावी. मसाई मारासारख्या सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशासाठी तीन रात्रींहून कमी मुक्काम करू नये. अंबोसेली सुमारे 392 चौरस किलोमीटरचे आहे, तिथे दोन रात्री पुरतात. पर्वताला उघडण्यासाठी निदान दोन सकाळ मिळाव्यात, हेही त्यामागचे कारण आहे.

पत्रक हाती आले की प्रत्येक दिवसापुढे दोन आकडे लिहावेत : रस्त्यावरचे तास आणि जंगलातील तास. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा निघाला, तर त्या सहलीत रात्र वाढविण्याआधी एक अभयारण्य कमी करता येते का, हे पाहावे.

‘सफारी’ या शब्दाचा प्रवास

‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द. त्याचा अर्थ केवळ ‘प्रवास’. मूळ अरबी, आपला ‘सफर’ हा शब्दही त्याच घराण्यातला. मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत हा शब्द शिकारीच्या मोहिमेला चिकटला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909च्या एप्रिलमध्ये मोंबासाला उतरले आणि त्यांची सफारी 1910च्या मार्चमध्ये खार्टूमला संपली. सुमारे अकरा महिन्यांच्या त्या मोहिमेत त्यांनी आणि त्यांच्या पुत्राने मिळून पाचशेहून अधिक मोठे प्राणी मारले. सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा यांना आजही ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. पायी शिकार करताना ज्यांच्यापासून सर्वांत अधिक धोका, अशी ही शिकाऱ्यांनी केलेली यादी. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदूक गेली, हे उत्तमच झाले. यादी मात्र उरली. पाचही नावांपुढे खूण करून घाईने परतायचे, ही वृत्ती त्या यादीबरोबरच आपल्यापर्यंत आली आहे.

घाईचा भार कोणावर?

या घाईचा भार केवळ आपल्या कंबरेवर पडत नाही, हे मला नंतर उमगले. ज्या पर्यटकाजवळ एकच दिवस आहे, त्याला त्याच दिवशी सिंह, चित्ता, बिबट्या सारे हवे असते. चालकही बिचारा त्या अपेक्षेखाली दबलेला असतो. कुठे चित्ता दिसल्याचे बिनतारी यंत्रावरून कळले की चारी दिशांनी गाड्या धावतात. आम्ही मारात पाहिलेल्या एका चित्त्याभोवती मी वीस गाड्या मोजल्या आणि पुढचे मोजायचे सोडून दिले.

चित्ता बहुतांशी दिवसा शिकार करतो. तो अंगाने हलका आणि सावध प्राणी आहे. गाड्यांचा वेढा पडला की त्याची शिकार हुकते, पिल्ले बिथरतात. मारा परिसरातील एका संशोधनाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. पर्यटकांची वर्दळ अधिक असलेल्या भागात चित्त्याची मादी जितकी पिल्ले वाढवू शकते, त्याच्या अनेक पटींनी अधिक पिल्ले ती कमी वर्दळीच्या भागात वाढवते, असे त्यात आढळले. आपण तर बंदूक घेऊन जात नाही, डोळे घेऊन जातो. तरीही आपल्या उतावीळपणाने एखाद्या मुक्या जिवाचे पिल्लू दगावत असेल, तर त्याचा विचार आपल्या घरांत व्हायलाच हवा. मुंगीला वाट देणाऱ्या घरात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

हातात तीन सकाळ असतील तर चालकाला शांतपणे सांगता येते, “गर्दी असेल तिथे नेऊ नका, आम्हाला कशाचीही घाई नाही.” हे वाक्य एकच दिवस असलेल्या माणसाच्या तोंडून निघत नाही. शिकारीचे दृश्य पाहायची इच्छा नसेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. हत्तींच्या कळपाजवळ तासभर गाडी बंद करून बसणे, ही मागणी चालकालाही आवडते, असा आमचा अनुभव आहे.

आपला दिनक्रम, आपले ताट

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मारा आणि अंबोसेली विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तिथे वर्षभर सूर्य साधारण साडेसहाच्या सुमारास मावळतो. दुपारची फेरीही साडेसहापर्यंतच असते. म्हणजे फेरी आणि चौविहार यांची वेळ नेमकी एकमेकींवर येते. एका ठिकाणी एकच रात्र असेल, तर फेरी सोडावी की जेवण, असा पेच पडतो. तीन रात्री असतील तर तो सहज सुटतो. एखाद्या दिवशी पाचलाच परतावे, एखाद्या दिवशी डबा गाडीत न्यावा. घड्याळही आपल्या बाजूने असते. केनिया भारताच्या अडीच तास मागे आहे. त्यामुळे पहाटे उठायची सवय असलेल्या ज्येष्ठांना तिथे अंधारातच जाग येते आणि सकाळची फेरी चुकत नाही.

जेवणाचेही तसेच. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे कॅम्पला आधी लेखी कळवावे. आपल्या कित्येक व्यापारी कुटुंबांनी पिढ्यांपूर्वी मोंबासा आणि नैरोबीत बस्तान बसविले, तिथे जिनालये उभारली. त्यामुळे या देशात ‘जैन भोजन’ हे शब्द अगदीच अनोळखी नाहीत. तरीही पहिल्या दिवशी थोडी गडबड होते, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकी समजून घेतो आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतःच विचारू लागतो. रोज कॅम्प बदलला तर रोज पहिलाच दिवस. खाकरे आणि थेपले जरूर न्यावेत, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत नव्हे. केनियात 2017 पासून त्यांवर कडक बंदी आहे, टांझानियातही 2019 पासून आहे. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या उत्तम.

कोणत्या ऋतूत किती?

ऋतूनुसार दिवसांचे गणित बदलते. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीने झेब्रे दरवर्षी सेरेंगेटी-मारा प्रदेशात गवताच्या मागे फिरत असतात. ते कळप मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात असतात. नदी ओलांडण्याचे प्रसिद्ध दृश्य तेव्हाचेच. परंतु कळप काठाशी येतो, तासन्‌तास उभा राहतो आणि कधी कधी मागे फिरतो. त्या दृश्यासाठीच जायचे असेल, तर मारात चार रात्री धराव्यात. शिवाय हा काळ चातुर्मासात येतो. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांनी हळहळण्याचे मात्र कारण नाही. सिंह, हत्ती, जिराफ मारात बारा महिने असतात. तसेच जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत हेच कळप टांझानियातील दक्षिण सेरेंगेटीच्या गवताळ मैदानावर असतात आणि तिथे काही आठवड्यांत लाखो पिल्ले जन्म घेतात.

मुलांच्या सुट्टीमुळे आपण बहुधा एप्रिल-मे निवडतो. तो तिकडील मोठ्या पावसाचा काळ. मारातील काळी चिकण माती भिजली की गाडी रुतते आणि अर्धा दिवस जातो. पर्वतही ढगांत राहतो. दर कमी असतात हे खरे, पण त्या काळात जायचे तर एक रात्र वाढवूनच जावे.

अधिक म्हणजे उत्तम असेही नाही

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. खडबडीत वाटा, धूळ आणि पहाटेचे उठणे यांनी ज्येष्ठ थकतात. मुलांचा उत्साहही पाच-सहा फेऱ्यांनंतर मंदावतो. पन्नासावा झेब्रा कोणी मान वळवून पाहत नाही. तीन पिढ्या एकत्र निघणार असतील, तर माझ्या मते सात रात्री हे योग्य माप होय.

नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना लागून दिसतात, म्हणून ‘दोन्ही करून टाकू’ असे वाटते. पण त्यांच्या मधली सरळ सीमा पर्यटकांसाठी 1977 पासून बंद आहे. रस्त्याने वळसा घेऊन जाण्यात अख्खा दिवस मोडतो. दोन्ही देश करायचे तर दहा रात्रींहून कमी नकोत, नाहीतर एकच देश निवडावा. टांझानियाच निवडला, तर अरुशाहून तारांगिरे, एन्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी यांसाठी सहा-सात रात्री लागतात आणि त्यांतल्या तीन सेरेंगेटीला द्याव्यात. हे उद्यान जवळपास पंधरा हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे माराच्या दहापट आहे.

खर्चाचेही बोलले पाहिजे. विमानभाडे, प्रवेश-परवाना आणि पीतज्वराची लस हा स्थिर खर्च पाच रात्रींनाही तोच आणि सात रात्रींनाही तोच. (लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते; तिच्या दाखल्याशिवाय परतताना भारतात अडवणूक होते.) वाढतो तो मुक्काम, गाडी आणि प्रवेशशुल्क यांचा खर्च. मारात 2024 पासून परदेशी प्रौढासाठी जानेवारी ते जून शंभर डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दोनशे डॉलर असे दिवसाचे शुल्क लागू झाले. तिकिटाची मुदत बारा तासांची. जाण्यापूर्वी ताजा दर विचारून घ्यावा. ही रक्कम लहान नाही. म्हणूनच दिवस वाढवायचा तर फुग्यातील उड्डाणासारखा एखादा हौशी खर्च वगळून वाढवावा.

दुसरी सहल

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस आम्ही पुन्हा निघालो. या वेळी सात रात्री होत्या : नैरोबीत एक, अंबोसेलीत दोन, वाटेत नैवाशा सरोवराकाठी एक आणि मारात तीन. नाकुरू वगळले. मारातून परतताना रस्त्याऐवजी लहान विमान घेतले. त्यात माणशी पंधरा किलो सामान आणि तेही मऊ पिशवीत, अशी अट असते. पण तासाभरात नैरोबी येते आणि निघण्याच्या दिवसाची सकाळही जंगलात मिळते. वहीत पुन्हा हिशेब मांडला. रात्री दोनच वाढल्या होत्या; सकाळ मात्र एकाच्या चार झाल्या होत्या, आणि निघण्यापूर्वीचा अंबोसेलीतला एक तास वेगळाच.

अण्णा आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, “मी एकदा जाऊन आलोय. आता तुम्ही जा.”

अंबोसेलीतील पहिल्या सकाळी पर्वत ढगांतच राहिला. दुसऱ्या सकाळी निघायचे होते, पण पुढचा पल्ला नैवाशापर्यंतचाच असल्याने आम्ही साडेसातपर्यंत थांबलो. पावणेसातच्या सुमारास ढगांचा पट्टा खाली सरकला आणि इतका वेळ आकाश वाटत होते तिथे बर्फ दिसू लागले. पायथ्याशी अकरा हत्ती चालले होते, दोन पिल्ले मधोमध. आई पदर सावरत गाडीच्या उघड्या टपातून बराच वेळ उभी होती. मुले आपणहून गप्प होती.

तिथे काढलेले छायाचित्र मोठे करून पेढीवर आणले. अण्णांनी ते जुन्या दिनदर्शिकेच्या पानाजवळ धरून दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले. मग विचारले, “किती वाजताचा?”

“पावणेसातचा.”

“त्या वेळी आपण गाडीत होतो,” एवढेच म्हणाले आणि खिळा शोधायला उठले.